बाळंतकळा, सबर आणि पाठीतले इंजेक्शन



आपल्या घरांत बाळंतपणाची तयारी सातव्या महिन्यापासूनच सुरू होते. दुपटी शिवून होतात, डिंकाच्या लाडवांचे सामान येते, अकीक्याला कोणाकोणाला बोलवायचे याचीही चर्चा झालेली असते. कळा असह्य झाल्या तर काय करायचे, हा विषय मात्र कोणी काढत नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी पहिल्या खेपेला माहेरी आली होती. तिने धीर करून अम्मीला विचारले, "कळा कमी करायचं काही औषध असतं का?" उत्तर मिळाले, "आम्ही नाही का सोसलं? सबर कर, सवाब आहे त्यात."

सबर जरूर करावा. पण समोर असलेला उपाय नाकारणे म्हणजे सबर, असे दीन कुठे सांगतो? दिव्य कुरआनातील सूरह मरियम आपल्याकडे गरोदरपणी मुद्दाम वाचली जाते. तिच्यात ह. मरियम (अ.स.) यांच्या कळांचे वर्णन आहे. त्या खजुराच्या बुंध्याशी येतात आणि यापूर्वीच मरण आले असते तर बरे झाले असते, असे त्यांच्या तोंडून निघते. त्यावर त्यांना कोणी दटावत नाही. दुःख करू नकोस असा दिलासा मिळतो, पायाशी झरा दिला जातो, बुंधा हलवून ताजी खजूर खायला सांगितले जाते. बाळंतपणात मृत्यू आलेल्या स्त्रीला शहिदाचा दर्जा आहे, हेही आपण ऐकलेले असते. तो त्या स्त्रीचा मान आहे, इतर स्त्रियांनी विनाकारण तळमळत राहावे असा हुकूम नव्हे.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. 1847 साली एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरला, तेव्हा तिकडेही धर्माच्या नावाने आक्षेप आले. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाने आठव्या बाळाच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोधाचा जोर ओसरत गेला. मोठ्या घरच्या बाईने केले की बाकीच्यांना परवानगी मिळते, हे जगभर सारखेच!

आता उपायांकडे वळू. आधी एक गैरसमज दूर करते. लेबर रूममध्ये सलाइनमधून एक औषध देतात, त्याला घरची माणसे "कळांचं इंजेक्शन" म्हणतात. ते बहुतेक वेळा ऑक्सिटोसिन असते. ते कळा वाढवण्यासाठी असते, दुखणे कमी करण्यासाठी नव्हे. पिशवीचे तोंड उघडायला मदत व्हावी म्हणून देतात ते इंजेक्शनही वेगळे. म्हणून "इंजेक्शन दिलं तरी दुखतंच आहे" अशी तक्रार करण्याआधी ते कशासाठी दिले, हे विचारावे.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे आपले माणूस जवळ असणे. सतत धीर देणारी बाई शेजारी असेल तर वेदनाशामकाची गरज कमी पडते आणि सिझेरियनचे प्रमाणही घटते, असे अभ्यासांतून दिसले आहे. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीला एक स्त्री नातेवाईक ठेवण्याची मुभा दिली. तरीही अनेक ठिकाणी दारातच अडवतात, तेव्हा आधी विचारून ठेवलेले बरे. मात्र सोबत जाणाऱ्या खाला किंवा आपाने कंबर चोळावी, गरम पाण्याची पिशवी धरावी, डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर हात धरून चालवावे. "ओरडू नकोस, बाहेर पुरुष बसलेत" हे ऐकवायला तिथे कोणाची गरज नाही.

काही घरांत हजहून आणलेला मरियमचा पंजा पाण्यात घालून ठेवतात. तो फुलला की सुटका होते, असे मानतात. ती वाळलेली वनस्पती आहे, पाणी शोषले की उघडते. दुसऱ्या कुणाच्या घरी, कुठल्याही दिवशी ठेवली तरी उघडेल. (पाणी शोषून घेणे शिकवताना मी ती वर्गात दाखवते.) खोलीत ठेवून मनाला धीर येत असेल तर ठेवा. तिचे पाणी मात्र डॉक्टरांना न सांगता पाजू नका.

औषधांत एक म्हणजे हुंगायचा वायू. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मे निम्मे असतात. कळ सुरू होताच बाईने स्वतः मास्क धरून श्वास घ्यायचा. गुंगी येते, कधी मळमळते, पण असर काही मिनिटांत उतरतो. दुसरे म्हणजे पेथिडिनसारखी इंजेक्शने. त्यांनी दुखणे थोडे बोथट होते, झोप येते. जन्माच्या अगदी आधी दिली तर बाळ सुस्त राहू शकते, म्हणून वेळ डॉक्टरच ठरवतात.

सगळ्यात जास्त आराम मिळतो तो एपिड्युरलने. बाईला बसवून किंवा कुशीवर वळवून, कंबरेजवळची जागा आधी बधिर करून, भूलतज्ज्ञ मणक्यालगत एक बारीक नळी बसवतात. सुई काढून घेतात, नळी तेवढी राहते आणि तिच्यातून औषध देत राहतात. पंधरा-वीस मिनिटांत कळांची धार जाते. बाई पूर्ण शुद्धीवर असते, बोलते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सलाइन लावून तो सारखा मोजतात. पाय जड होतात, अंगाला खाज सुटू शकते, ताप येऊ शकतो, लघवीसाठी नळी लागू शकते आणि जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो. सुमारे शंभरात एकीला नंतर जोराचे डोके दुखते, त्यावर इलाज आहे. रक्तातल्या प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा त्या जागी जंतुसंसर्ग असेल तर एपिड्युरल देत नाहीत.

"पाठीत सुई घेतली आणि कंबर कायमची गेली," हे वाक्य प्रत्येक मोहल्ल्यात ऐकू येते. सुईच्या जागी काही दिवस दुखरेपणा राहतो. पण एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे प्रमाण वेगळे आढळलेले नाही. नऊ महिने पोटाचा भार आणि नंतर वाकून बाळाला पाजणे, याचा दोष आपण सुईला देतो. एपिड्युरलमुळे सिझेरियनची शक्यता वाढते, हेही खरे ठरलेले नाही. उलट कळांच्या धास्तीने स्वतःहून सिझेरियन मागणाऱ्या मुली आहेत. टाक्यांचे दुखणे त्यानंतर कित्येक दिवस पुरते, आणि पुढच्या खेपेलाही त्या टाक्यांचा विचार करावा लागतो.

पडद्याचे काय, हेही विचारतात. एपिड्युरलला फक्त कंबरेजवळचा भाग उघडा लागतो, बाकी अंग चादरीने झाकता येते. स्त्री भूलतज्ज्ञ असतील तर त्यांनाच बोलवा, अशी विनंती आधी करता येते. त्या नसतील तर उपचाराच्या गरजेपुरती सवलत शरीअतने दिलेली आहे.

हे सगळे आठव्या महिन्याच्या तपासणीला विचारायचे, आणि तिथे नवऱ्याला बरोबर न्यायचे. भूलतज्ज्ञ रात्री दोन वाजताही येतात का? अनेक छोट्या दवाखान्यांत त्यांना फक्त सिझेरियनसाठी बोलावतात. पाटीवर "वेदनारहित प्रसूती" लिहिले असेल तर नेमके काय देता? खर्च पॅकेजमध्ये आहे की वेगळा? उत्तर मिळाले की बाईला काय हवे ते तिच्या फाइलवर लिहून घ्यावे. आधी "नको" म्हटलेल्या बाईने कळा सुरू झाल्यावर मागितले, तरी तिला ते मागता येते. बाळ बाहेर यायलाच आले असेल तर मात्र नळी बसवायला वेळ उरत नाही.