स्नायुदाहाचा वारसा : विचारायचा प्रश्न वेगळा

अभिनेत्री समंथा रूथ प्रभू हिने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याला मायोसायटिस असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘दंगल’मधील सुहानी भटनागर त्याच गटातील डर्मेटोमायोसायटिसने अवघ्या एकोणिसाव्या वर्षी गेली. प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर उलटावी, असा हा दुर्मीळ विकार. तो आनुवंशिक आहे काय, हा प्रश्न रुग्णाच्या घरात हमखास उठतो.

एकाच घरात दोघांना मायोसायटिस होणे विरळाच. परंतु अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ रुग्णांचे आईवडील, भावंडे व मुले यांची पाहणी झाली, तेव्हा त्यांच्यातील सुमारे २२ टक्के जणांना कोणता ना कोणता स्वयंप्रतिकार विकार असल्याचे दिसले. तुलनेसाठी निवडलेल्या कुटुंबांत हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे वारशाने येतो तो आजार नव्हे, तर प्रतिकारयंत्रणेचा कल. तो एकाकडे स्नायूंत प्रकटतो, दुसऱ्याकडे थायरॉइड ग्रंथीत, तिसऱ्याकडे सांध्यांत.

याचे कारण जनुकांतच आहे. आपले कोण आणि परके कोण, हे पेशींना ओळखू देण्यात सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा मोठा वाटा असतो आणि मायोसायटिसशी सर्वांत ठळक संबंध त्यांचाच आढळतो. पीटीपीएन२२ या जनुकाचे एक रूप तर आमवात आणि बालवयातील मधुमेह यांच्याशीही निगडित आहे. मात्र ही रूपे असंख्य निरोगी माणसांतही असतात. स्वीडनमधील नोंदींवर आधारलेल्या २०२१ च्या अभ्यासाने मायोसायटिसमधील आनुवंशिकतेचा वाटा जेमतेम एक पंचमांशाच्या घरात ठरवला. शिवाय यासंबंधीचे मोठे जनुकीय अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे. तेव्हा रुग्णाच्या धडधाकट भावंडांनी हजारो रुपये मोजून जनुकचाचणी करून घेण्यात आज तरी फारसा अर्थ नाही.

अर्थ आहे तो घराण्याचा इतिहास नीट सांगण्यात, आणि घोडे पेंड खाते ते नेमके तिथेच. हे विकार स्त्रियांत अधिक. मुलीचे लग्न ठरायचे म्हणून तिच्या गोळ्या दडवल्या जातात, तशी आईची थायरॉइडची किंवा मावशीच्या कोडाची वाच्यताही होत नाही. ‘घरात हा आजार कोणाला आहे का?’ असे डॉक्टरांनी विचारले, तर ‘नाही’ हे उत्तर खरेच असते. ‘प्रतिकारशक्तीचा कोणताही विकार कोणाला आहे का?’ असे विचारले, तर कदाचित ते बदलेल. मग जिना चढताना बहिणीच्या मांड्या भरून येतात, ही तक्रार निव्वळ अशक्तपणावर ढकलली जाणार नाही. रक्तातील सीपीके तपासून पाहण्याचे डॉक्टरांना वेळेवर सुचेल.