डास, पिंप आणि पाण्याचा हक्क

डास चावतो तो वैराने नव्हे. अंडी घालण्यासाठी मादीला रक्त हवे असते. येथपर्यंत निसर्ग; पुढचे सारे अर्थकारण. हिवताप व डेंग्यूचे डास मुंबईत गटारात नव्हे, साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. घाटकोपर-मुलुंडच्या डोंगरउतारावरील वस्त्यांत पाणी मोजकाच वेळ येते, म्हणून पिंपे भरावी लागतात. आणि दोषी कोण? पिंपवाला! १९११ साली डॉ. बेंटले यांनी शहरातील विहिरींवर बोट ठेवले, तेव्हा विहीरमालकांच्या विरोधाची केवढी कदर झाली! गरिबाच्या वाट्याला मात्र उपदेश. पिंपे घट्ट झाकावीत, आठवड्यातून एकदा कोरडी करावीत, हे खरेच. परंतु २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने अनधिकृत झोपड्यांतील रहिवाशांचाही पाण्याचा हक्क मान्य केला आहे. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून तोच मागावा: घरोघरी रोज, पुरेसे नळाचे पाणी!