गोळी नेऊन देणारी बाई टिकली पाहिजे

तुमसर तालुक्यातला नाकाडोंगरीचा पट्टा मँगनीजचा. डोंगरी बुजुर्गची खाण, तिकडे चिखला, ट्रकांची ये-जा आणि हाकेच्या अंतरावर मध्य प्रदेशची हद्द. घर सोडून आलेले पुरुष जिथे राबतात, तिथे देह विकून पोट भरणारी बाईही असू शकते, हे बोलायला आपली जीभ रेटत नाही. नागपूरच्या गंगा-जमुना या वेश्यावस्तीकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. वस्तीतली बाई निदान सापडते तरी. खेड्यात मजुरी करणारी, अडीनडीला फोनवर ठरवून जाणारी बाई कुठल्याच यादीत नसते. मी लिहितो आहे ते तिच्यासाठी, आणि तिचं दार ठोठावणाऱ्या दुसऱ्या बाईसाठी.

या दुसऱ्या बाईला एड्स नियंत्रणाच्या कामात ‘पिअर एज्युकेटर’ म्हणतात. ती स्वतः धंद्यातली असते. कंडोम ती देते, रक्ततपासणीला सोबत जाते, कुणाला ताप आला तर आधी तिलाच कळतं. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने हे काम बायकांच्याच हाती दिलं आणि त्यातून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कंडोम घराघरांत पोचला तो या बायकांच्या पायांनी.

आता कंडोमच्या जोडीला ‘प्रेप’ आहे. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधं एकाच गोळीत असतात. एचआयव्ही नसलेल्या बाईने ती रोज घेतली तर विषाणू शरीरात शिरूनही मूळ धरत नाही. गिऱ्हाईक कंडोमला नकार देतं, दारू पिऊन जबरदस्ती करतं, तेव्हा ही गोळी तिच्या स्वतःच्या हातात असते. कुणाची परवानगी लागत नाही. मात्र सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी हवी, मूत्रपिंडाची हवी, पुढे दर तीन महिन्यांनी पुन्हा एचआयव्ही तपासणी हवी. गरमी-परमा किंवा गर्भ यांना ती अडवत नाही, म्हणून कंडोम सुटता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली धोक्यातल्या सर्वांसाठी तिची शिफारस केली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजे ‘नाको’नेही, २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या.

पण नुसती गोळी पुरत नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथल्या पाच हजारांवर स्त्रियांवर ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. तिथे गोळी निष्फळ ठरली. रक्त तपासलं तेव्हा कारण कळलं: तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशातही औषध सापडलं नाही. बायकांनी गोळ्या नेल्या, पण घेतल्या नाहीत. डबी कुणी पाहिली तर ‘हिला एड्स आहे’ म्हणतील, ही भीती अनेकींना होती. याउलट कोलकात्याच्या सोनागाछीत ‘दुर्बार’ने आणि म्हैसूरमध्ये ‘अशोदया’ने, म्हणजे धंद्यातल्या बायकांच्याच संघटनांनी, तेराशेवर बायकांना प्रेप दिलं. त्या काळात एकीलाही नवा संसर्ग झाला नाही. फरक पडला तो गोळी कुणी दिली आणि ‘आज घेतलीस का गं?’ हे कुणी विचारलं, यामुळे.

बायकांनी बायकांसाठी विणलेलं हेच जाळं आपल्या हातून तुटू शकतं. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूर पोलिसांनी गंगा-जमुना बंद केली. वस्ती उठली की बायका नाहीशा होत नाहीत. त्या पांगतात, लॉजवर जातात, लहान गावांत जातात, आणि कार्यकर्तीच्या वहीतलं नाव तेवढं उरतं. पर्समधला कंडोम पोलिसांच्या भीतीने फेकून द्यावा लागतो. निधी आटला की सगळ्यात आधी या कार्यकर्तीचंच तुटपुंजं मानधन थांबतं.

रोजच्या गोळीऐवजी वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकॅपाविरचं इंजेक्शनही आता आलं आहे. २०२४ मध्ये ज्या २,१३४ आफ्रिकी मुली-बायकांना ते चाचणीत दिलं, त्यांच्यापैकी एकीलाही लागण झाली नाही. भारतीय कंपन्या २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत. हे चांगलंच आहे, पण इंजेक्शन घ्यायला तिला दवाखान्यापर्यंत कोण आणणार?

म्हणून तुमसर तालुक्यातल्या माझ्या भावाबहिणींनो, ग्रामसभेत हा विषय काढा. प्रेप कंडोमसारखं सरकारी दवाखान्यात फुकट मिळावं, असा ठराव करून जिल्ह्याला पाठवा. तपासणीचा निकाल परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने मना आहे, हे दवाखान्यातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या. कुणावर जबरदस्ती झाली तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठायला तिला मदत करा. तिथे २८ दिवसांचं बचावाचं औषध मिळतं. माहितीसाठी १०९७ हा क्रमांक फुकट आहे, तो पानटपरीवर, ट्रकतळावर लिहा. आणि पिशवी घेऊन एखादी ताई तुमच्या गल्लीत आली, तर कुणाकडे चाललीस म्हणून विचारू नका. तिला पाणी द्या, आणि जाऊ द्या.