चुकण्याची वाट पाहणारे प्रेक्षक

अमेरिकेतली नॅशनल स्पेलिंग बी ही मुलांची स्पेलिंगची स्पर्धा 1925 साली सुरू झाली. शंभरीच्या वर्षी, मे 2025 मध्ये, अंतिम फेरीत तेरा वर्षांचा फैझान झाकी जिंकल्यातच जमा होता. कॅलिफोर्नियाचा सर्वज्ञ कदम आणि जॉर्जियाचा सर्व धारवणे नुकतेच चुकले होते. फैझानला शब्द आला ‘कॉमेलिना’. त्याने अर्थ विचारला नाही, व्युत्पत्ती विचारली नाही. ‘के, ए, एम’ म्हणाला आणि जीभ चावली. पहिलंच अक्षर चुकलं होतं! बाद होता होता दोघं पुन्हा शर्यतीत आले. शेवटी फैझानच जिंकला, सर्वज्ञ दुसरा आला. पण चर्चा झाली ती त्या घाईची.

कॉमेलिना म्हणजे आपलं केना हे तण ज्या वंशात मोडतं, तो वनस्पतींचा वंश. आपल्याकडच्या शिवारात निंदणाला जाणारी कुठलीही बाई ते तण डोळे मिटून उपटेल. म्हणजे शब्दाचं अप्रूप कुणालाच नसतं. प्रेक्षक खिळतो तो पोराच्या चेहऱ्यावर. उत्तर येत नाही हे लपवायची कला मोठ्यांना साधलेली असते, मुलांना नाही.

आपल्याकडे हेच वेड ‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेने लावलं. 2009 मध्ये कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा ‘पंचरत्नं’ म्हणून गाजलेल्या अंतिम फेरीतल्या पाच मुलांवरून घरोघरी वाद रंगले होते. मात्र तिथे एसएमएस होते, परीक्षकांचं कौतुक होतं. स्पेलिंगच्या मंचावर फक्त चुकलं की वाजणारी घंटा. ती ना गाव बघते, ना गोड चेहरा. हा कोरडेपणाच जास्त न्यायाचा.

तरी घंटेलाही टीव्हीची गणितं सुटलेली नाहीत. 2019 मध्ये वीस फेऱ्या झाल्या तरी आठ मुलं हरेनात, म्हणून आठही जण विजेते ठरले. त्यात डॅलसचा सोहम सुखटणकर होता. मुलांनी शब्दकोशाला हरवलं, याहून गोड शेवट कोणता? पण 2021 पासून गरज पडल्यास 90 सेकंदांची झटपट फेरी घेण्याचा नियम आला. कुणीतरी पडलंच पाहिजे.

आणि कधी मूल खरोखरच पडतं. 2004 मध्ये अक्षय बुद्दिगा मंचावर चक्कर येऊन कोसळला, काही क्षणांत उठला आणि शब्द बरोबर सांगून गेला. ती चित्रफीत लोक आजही हौसेने बघतात. यात कौतुक किती आणि तमाशा किती, हे बघणाऱ्यानेच ठरवावं.

मुलांना मंचावर उभं करण्यावर भारतात निदान काही बंधनं आहेत: 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसात पाच तासांहून जास्त काम देता येत नाही आणि कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरगं भाषण विसरलं, तर पहिल्या रांगेतून मोबाइल उंचावून ‘बोल ना रे, काल तर येत होतं!’ म्हणणाऱ्या आईबापांसाठी मात्र कुठलाच नियम नाही.