बिलासाठी मुलाची जन्मतारीख कशाला?

दिवाळीच्या खरेदीत गल्ल्यावर मोबाइल नंबर, मुलाचं नाव, जन्मतारीख विचारली तर पालकांनी कुरकुर न करता सांगून टाकावी, असा सल्ला हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने दिला जातो. युक्तिवाद असा: सूट मिळते, वाढदिवसाला कूपन येतं, लहान मुलाकडे लपवण्यासारखं असतंच काय, आणि आपली माहिती केव्हाच सगळीकडे गेलेली आहे. शिवाय गोपनीयता हे श्रीमंतांचं खूळ!

कूपन वापरायला पुन्हा त्याच दुकानात पैसे मोजावे लागतात, एवढं त्याचं उत्तर पुरे.

‘लपवण्यासारखं काय’ हा प्रश्न मात्र संतापजनक आहे, कारण त्याचं उत्तर जगाला २०१५ मध्येच मिळालं. मुलांचे टॅब आणि बोलकी खेळणी विकणाऱ्या हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीच्या माहितीसाठ्यात त्या नोव्हेंबरमध्ये एक जण शिरला. सुमारे ६४ लाख मुलांची खाती उघडी पडली. नावं आणि जन्मतारखा तर होत्याच. मुलांचे फोटो आणि आईबाबांशी झालेल्या गप्पाही त्या साठ्यात होत्या. पालकांचे पत्ते शेजारच्याच नोंदीत असल्याने कोणतं मूल कोणत्या घरात राहतं, हे जुळवणं अवघड नव्हतं. माहिती सांकेतिक रूपात सुरक्षित ठेवतो, असं कंपनीने लिहून दिलं होतं आणि ते पाळलं नव्हतं. २०१८ मध्ये अमेरिकेत तिने साडेसहा लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. मुलांच्या जन्मतारखांचं काय? पासवर्ड बदलता येतो, कार्ड रद्द करता येतं. जन्मतारीख त्या मुलाला जन्मभर वापरायची असते. ‘तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे’ असे फोन करून पैसे उकळणाऱ्यांना मुलाचं खरं नाव आणि शाळा कळली, तर घाबरलेली आई शंका तरी कशी घेणार?

‘माहिती गेलीच आहे’ हे आजोबांच्या बाबतीत खरं असेल, यंदा बालवाडीत गेलेल्या नातीच्या बाबतीत नाही.

श्रीमंतांच्या खुळाचा मुद्दा तर जुनाच. गोरगरिबांना खाजगीपणाशी काय देणंघेणं, हा सूर देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढेही लागला होता. नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरी तोच मुद्दा दर सणाला नवे कपडे घालून परत येतो.

२०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानलं आहे. पालकांच्या पडताळलेल्या संमतीशिवाय मुलांची माहिती घेण्यास आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर नकार पालकांनाच द्यावा लागणार.

बिलासाठी नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच विक्रेत्यांना बजावलं आहे. ‘नंबर देत नाही, बिल छापून द्या’ हे मुलांदेखत सांगावं. तुळशीबागेच्या किंवा दादरच्या गर्दीत मुलाच्या खिशात पालकांच्या नंबरची चिठ्ठी असावी. नाव शर्टावर दिसू नये, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. खेळण्याच्या ॲपला टोपणनाव पुरतं. माइक आणि लोकेशनची परवानगी बंद ठेवावी. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, हे दहा वर्षांच्या मुलालाही समजतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा. आणि जुना टॅब धाकट्या मावसभावाला देण्याआधी त्यातली खाती काढून तो पूर्ण पुसावा. नुसते फोटो उडवल्याने खाती जात नाहीत.