तिसऱ्या डोळ्याचा पासवर्ड

राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांच्या तपासणीची चित्रणे टेलिग्रामवर विकली जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले. पोलिसांचा माग लातूर-सांगलीपर्यंत आला, इकडचे तरुण पकडले गेले, म्हणून आपल्याकडेही दोन दिवस संताप झाला. त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड ‘ॲडमिन१२३’ असल्याचे पुढे प्रसिद्ध झाले, पण तोवर संताप ओसरला होता. खरी बातमी तीच होती. कारखान्यातून जो पासवर्ड घालून माल निघतो, त्याला कोणी हातच लावला नव्हता.

रुग्णालयाची ही तऱ्हा, तर घरांचे काय विचारावे! दोन-अडीच हजारांत वायरलेस कॅमेरा मिळतो. आता तर बल्बच्या होल्डरात फिरवून बसवायचे कॅमेरेही निघालेत. म्हातारे आईवडील गावी एकटे, मुले पुण्यात नाहीतर परदेशात, म्हणून कॅमेरा. बाळाला सांभाळायला बाई ठेवली, म्हणून कॅमेरा. गरज खोटी नाही. पण तो बसतो कसा, ते एकदा जवळून पाहावे. फिटर स्टुलावर चढतो, ब्रॅकेट ठोकतो, खाली उतरून विचारतो, ‘काका, वायफायचा पासवर्ड सांगा.’ काका तो शेजाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. मग फिटर आपल्याच मोबाइलवर ॲप उघडतो, क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर धरतो, कॅमेरा बोलू लागतो आणि सगळ्यांना हायसे वाटते. शेवटी ‘तुम्हाला शेअर करून देतो’ म्हणत तो काकांच्या फोनवर चित्र आणून देतो. याचा अर्थ असा, की त्या कॅमेऱ्याचे मुख्य खाते फिटरच्या नंबरवर उघडले गेले आणि घरमालक आपल्याच दिवाणखान्यात पाहुणा ठरला. फिटर भला माणूस असेल, बहुतेक असतातच. पण त्याचा फोन हरवला, त्याने दुकान सोडले किंवा सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड घालायची त्याची सवय असली, तर काय?

कॅमेरा घेताना लोक मेगापिक्सेल विचारतात, रात्री दिसेल का विचारतात. ज्या नेटवर्कवर तो चालणार त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. केबलवाल्याने दिलेला राउटर चपलांच्या कपाटावर धूळ खात असतो. त्याच्या तळाशी चिकटवलेला पासवर्ड पहिल्या दिवसापासून तोच. त्याच एका वायफायवर बँकेचे व्यवहार करणारा फोन, ऑफिसचा लॅपटॉप, टीव्ही आणि आता हा कॅमेरा. हा कॅमेरा म्हणजे डोळे असलेला छोटा संगणकच, आणि कंपनी बहुधा दोन-तीन वर्षांत त्याला विसरून जाते.

विसरलेल्या कॅमेऱ्यांनी काय होते हे जगाने २०१६ मध्ये पाहिले. मिराई नावाचा घातक प्रोग्राम कारखान्यातली साठेक नावे-पासवर्ड पाठ करून इंटरनेटभर फिरत होता. जो कॅमेरा, जो डीव्हीआर त्यातल्या एखाद्याला ओ देई, तो याच्या फौजेत भरती. २१ ऑक्टोबरला ही फौज संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या अमेरिकी कंपनीवर सोडली गेली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिकडे काही तास कोलमडल्या. मालकांना पत्ता नव्हता. त्यांच्या फाटकावरचा कॅमेरा फाटक दाखवतच होता.

यावर उपाय महाग नाहीत, हीच चीड आणणारी गोष्ट आहे. बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट’ नेटवर्कची सोय असते. ते सुरू करून, त्याला वेगळा लांबलचक पासवर्ड देऊन कॅमेरे त्यावर टाकावेत. उद्या कॅमेऱ्यात कोणी शिरलाच, तरी त्याला तुमच्या लॅपटॉपपर्यंत सहजी वाट मिळत नाही. रेकॉर्डर वेगळा असेल तर तो आणि कॅमेरे एकमेकांना दिसतील असे पाहावे लागते, एवढे एक झंझट. राउटरमधली यूपीएनपी ही सोय बंद करावी, कारण तिच्या आधाराने कॅमेरा तुम्हाला न विचारता बाहेरच्यांसाठी दार उघडू शकतो. स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. भिंती ओलांडायला तीच लहर बरी, पण सोसायटीत चाळीस राउटर त्याच लहरीवर ओरडत असल्याने चित्र अडखळते. मग दोष कॅमेऱ्याला. इंटरनेटचा प्लॅनही चढत्या (अपलोड) वेगाचा आकडा पाहून घ्यावा. साधारण २ एमबीपीएसचा एक कॅमेरा दिवसरात्र चालला, तर २१ जीबीच्या वर माल रोज तयार होतो. कॅमेऱ्यातले ६४ जीबीचे मेमरी कार्ड तीन दिवसांत पुसले जाऊ लागते. चोरी चौथ्या दिवशी लक्षात आली तर पोलिसांना दाखवणार काय? आणि वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की मोबाइलवर अंधार. ज्या गावांत रोज वीज जाते, तिथे राउटरला बाराशे-पंधराशेचा छोटा यूपीएस जोडल्याशिवाय कॅमेऱ्याच्या फुशारक्या मारू नयेत. मुख्य दरवाजावरचा एक कॅमेरा तरी तारेचा असावा, हे आमचे मत. वायफाय बाहेरून पाडता येते, तार तोडायला जवळ यावे लागते.

सरकारने काही केले नाही असे नाही. एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची केली आणि ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली. ब्रिटनने तर २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच ठरावीक पासवर्ड घालून माल विकण्यावर बंदी आणली. पण आपला नियम कारखान्याच्या दारापाशी थांबतो. आधीच भिंतींवर चढलेले कॅमेरे त्याला दिसत नाहीत आणि स्टुलावर चढणारा फिटर तर मुळीच नाही. विजेचे वायरिंग करणाऱ्याला परवाना लागतो. घराच्या आत बघणारे यंत्र बसवणाऱ्याला स्क्रू ड्रायव्हर पुरतो.

परवान्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. सोसायट्या कॅमेऱ्यांसाठी तीन कोटेशने मागवतात आणि तुलनेच्या तक्त्यात दर, मेगापिक्सेल, वॉरंटी एवढे रकाने आखतात. त्यात आणखी एक आखावा: मुख्य खाते कोणाच्या नंबरवर उघडणार आणि काम झाल्यावर पासवर्ड सचिवांसमोर बदलून देणार की नाही. या रकान्यात जो ‘ते होऊन जाईल’ असे लिहून देईल, त्याचा दर सगळ्यांत कमी असला तरी त्याला निरोप द्यावा.