नावाचा नाद

1970 च्या मे महिन्यात अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने बोस कंपनीच्या ‘901’ या स्पीकरचे परीक्षण छापले. एकेका वाद्याचा आवाज अवाजवी मोठ्या आकाराचा भासतो आणि तो खोलीभर भटकतो, असा त्यातील शेऱ्याचा आशय होता. कंपनीने मासिकावर खटला भरला. आवाज खोलीभर भटकत होता, की दोन स्पीकरांमधल्या भिंतीलगत नुसता इकडून तिकडे सरकत होता, या एका शब्दप्रयोगाचा कनिष्ठ न्यायालयात कीस पाडला गेला. तेथे कंपनी जिंकली, अपिलात हरली आणि अखेर 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने कौल दिला. परीक्षणापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली. निकालाचा मुद्दा अर्थात मुद्रणस्वातंत्र्याचा होता. स्पीकर चांगला की वाईट, हे ठरविणे न्यायालयाचे काम नव्हते. तो वाद रसिकांत पुढेही चालूच राहिला.

या विशिष्ट वादात दोन्ही बाजूंना काही आधार होता, हे मान्य केले पाहिजे. कंपनीचे संस्थापक अमर बोस हे बंगाली पित्याचे पुत्र आणि एमआयटी या ख्यातनाम संस्थेतील प्राध्यापक. संगीतसभागृहात श्रोत्याच्या कानी येणारा बराचसा ध्वनी भिंती-छतांवर आपटून परत आलेला असतो, या निरीक्षणावर त्यांनी आपली रचना उभी केली आणि पेटीतील नऊ स्पीकरांपैकी आठांची तोंडे मागच्या भिंतीकडे वळविली. ज्याला दिवाणखान्यात सभागृहाचा भास हवा, त्याला ही रचना भावली. व्हायोलिन कोठे आहे आणि पियानो कोठे, हे ज्याला बोट ठेवून दाखविता यायला हवे, त्याला ती असह्य झाली. येथे अपेक्षाच भिन्न होत्या, आणि अशा मतभेदाला नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु नामांकित ध्वनियंत्रांभोवती माजणारे सारेच रण या जातीचे नसते. अॅम्प्लिफायर, तबकडी फिरविणारे यंत्र, इतकेच काय, स्पीकरला जोडायची साधी वायर यांवरूनही जाणकार म्हणविणारे एकमेकांचे तोंड पाहीनासे होतात. अशा एका वायरीची किंमत कारकुनाच्या वर्षाच्या पगाराहून अधिक असू शकते. एक समीक्षक तिला दिव्य ठरवितो आणि दुसरा शुद्ध फसवणूक म्हणतो. असे का व्हावे?

अर्थशास्त्राने या प्रश्नाचे निम्मे उत्तर अन्य संदर्भात देऊन ठेवले आहे. हापूसची पेटी घरी नेऊन एक फळ कापले की खरेदी फसली की साधली, ते कळते. पण काही वस्तू नि सेवा अशा असतात की, वापरून झाल्यावरही त्यांची गुणवत्ता ग्राहकाला पडताळता येत नाही. डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये हा वर्ग वेगळा काढला. गाडीच्या इंजिनातला एखादा भाग बदलणे खरोखर जरूर होते काय, हे गाडीच्या मालकाला दुरुस्तीनंतरही कळत नाही; त्याला मेकॅनिकच्या शब्दावर विसंबावे लागते. उंची ध्वनियंत्र वरकरणी हापूसच्या वर्गातले वाटते, कारण ते ऐकता येते. वस्तुतः फरक जितका सूक्ष्म, तितके ते दुसऱ्या वर्गात सरकते. मग पुराव्याची जागा तीन गोष्टी घेतात: नाव, किंमत आणि समीक्षकाचा शब्द.

हा शब्द देणाऱ्यांचा इतिहास बोलका आहे. जे. गॉर्डन होल्ट यांनी 1962 मध्ये ‘स्टिरिओफाइल’ सुरू केले, ते जाहिरातदारांची मर्जी न राखता, केवळ मोजमापांवर न विसंबता, कानांनी ऐकून निर्णय द्यावा म्हणून. हेतू निर्मळ होता. पण कानाला प्रमाण मानले की कानाची परीक्षा घेणेही ओघानेच येते, आणि तीच टळत गेली. आपण काय ऐकत आहोत हे ठाऊक नसताना ऐकण्याची चाचणी या व्यवसायाने नाकारली आणि विश्वासार्हता गमावली, अशी खंत खुद्द होल्ट यांनीच 2007 मध्ये व्यक्त केली. शिवाय समीक्षकाला यंत्रे उत्पादकाकडून उसनी मिळतात, आवडल्यास सवलतीत विकतही मिळतात. यात लाचलुचपत असतेच असे नव्हे. पण तराजू हलण्यासाठी लाचच लागते असे कोठे आहे?

फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन या कंपनीत केलेले काम या संदर्भात मोलाचे आहे. स्पीकर पडद्याआड ठेवून ऐकविले, तेव्हा श्रोत्यांची मते एरवीच्या गदारोळावरून वाटावे त्यापेक्षा कितीतरी अधिक जुळली. रंग न चढविता सर्व स्वरपट्ट्या समतोल देणारा स्पीकर बहुतेकांना पसंत पडला. 1994 मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 40 श्रोत्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. पडदा असताना चांगले गुण मिळविणारा लहानसा, स्वस्त संच डोळ्यांसमोर आल्यावर खाली घसरला. उघड्या डोळ्यांनी ऐकताना स्पीकरची जागा बदलल्याने पडणारा खरा फरकही श्रोत्यांना नीटसा जाणवेना. म्हणजे नाव दिसल्याने नसलेला फरक ऐकू येतो इतकेच नव्हे, असलेलाही ऐकू येईनासा होतो. जयपूर आणि किराणा यांची गायकी डोळे मिटून ओळखणारा श्रोता महाराष्ट्रात आजही सापडतो. त्याच्या वादाला जो आधार आहे, तो वायरीवरून भांडणाऱ्यांनी आधी दाखवावा, ही मागणी अवास्तव नाही. घाईच्या चाचणीत कान गोंधळतो, सूक्ष्म गुण महिनोन्‌महिने सहवासाने उमगतात, हा त्यांचा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. मात्र महिनोन्‌महिने झाकून ऐकायला त्यांना कोणी मनाई केलेली नाही.

2022 च्या जुलैमध्ये फीनिक्स शहरातील एका तबकड्यांच्या दुकानदाराने मोबाइल फिडेलिटी या प्रतिष्ठित कंपनीविषयी एक बातमी फोडली. मूळ फितीवरून थेट, डिजिटल टप्प्याविना कोरलेल्या अशी ज्या तबकड्यांची ख्याती होती, आणि ज्यांच्या काही मालिकांना 125 डॉलर मोजले जात होते, त्यांतील अनेकींच्या निर्मितीत 2011 पासूनच डिजिटल नोंद वापरली जात होती. कंपनीच्या तंत्रज्ञांनी ते कबूल केले. डिजिटल ध्वनी ऐकताक्षणी ओळखतो म्हणणाऱ्या कित्येकांनी याच तबकड्या नमुन्यादाखल मिरविल्या होत्या. बातमी आली त्या दिवशी तबकडीतील एकही स्वर बदलला नव्हता. तरीही खरेदीदार न्यायालयात गेले, पैसे परत मागू लागले, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. कारण त्यांना विकला गेलेला माल स्वर हा नव्हताच, तो कोठून व कसा आला याची हमी हा होता.